‘मोटू’ म्हणू नका, टेप काढा

रमजानचे पहिले दहा रोजे झाले की वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानांवर एक फोटो हमखास दिसू लागतो. गळ्यात हार, डोक्यावर नवी टोपी किंवा चमकीची ओढणी, आणि खाली ओळ : सहा वर्षांच्या चिमुकल्याने धरला पहिला रोजा. घरी त्या दिवशी रोजाकुशाई असते, म्हणजे मुलाच्या पहिल्या रोजाचे कौतुक. नानीकडून कपडे येतात, मोहल्ल्यातली मंडळी जमतात, दस्तरखान भरून जातो. या कौतुकात वावगे काहीच नाही. दिवसभर पाण्याचा थेंब न घेता राहिलेले ते पोर मगरिबच्या अजानची वाट पाहत बसते, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा अभिमान पाहण्यासारखा असतो.

मात्र याच महिन्यात मुलांविषयी एक दुसरे वाक्यही घरोघरी ऐकू येते आणि त्याची बातमी होत नाही. ‘‘याला महिनाभर रोजे धरू द्या, तेवढेच वजन उतरेल.’’ कधी अब्बा म्हणतात, कधी फुफी, कधी इफ्तारला आलेले पाहुणे. ज्याच्याविषयी हे बोलले जाते ते दहा-अकरा वर्षांचे मूल तिथेच बसलेले असते आणि समोशाकडे गेलेला हात मागे घेते. हेच मूल तीन वर्षांचे असताना याच लोकांनी त्याचे गाल ओढून ‘माशाअल्लाह, खाते-पिते घर का बच्चा है’ असे म्हटलेले असते. आधी काही वर्षे कौतुक आणि मग थट्टा. मधल्या काळात कुणी त्याची उंची आणि वजन शेजारी शेजारी लिहून पाहिले, असा दिवस बहुतेक घरांत आलेलाच नसतो.

लहान मुलांमधला लठ्ठपणा डोळ्यांनी ठरवता येत नाही आणि टोमणे मारून बरा होत नाही. तो मोजावा लागतो. आणि मोजल्यावर बदल करायचा तो मुलाच्या एकट्याच्या ताटात करून भागत नाही, सगळ्या घराच्या दस्तरखानवर करावा लागतो. रमजानात हे बोलायचे कारण असे, की वर्षातल्या इतर अकरा महिन्यांत घरातले सगळे जण रोज एकाच वेळी, एकाच ठिकाणी जेवायला बसतात असे क्वचितच घडते.

आता डोळे का फसतात ते पाहू. आपल्याकडे बाळ म्हटले की कुपोषणाची भीती आधी आठवते आणि ती निराधार नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. अंगणवाडीत ताई बाळाला काट्यावर ठेवतात, तेव्हा आईची नजर वजन वाढले की नाही एवढ्यावरच असते. त्याच सर्वेक्षणात जादा वजनाची बालके ३.४ टक्के होती. आकडा लहान वाटतो, पण त्याआधीच्या, म्हणजे २०१५-१६ च्या फेरीत तो २.१ टक्के होता. शाळकरी वयाचे चित्र केंद्र सरकारच्या २०१६-१८ च्या पोषण सर्वेक्षणात मिळते. दहा ते एकोणीस वयोगटातली सुमारे पाच टक्के मुले जादा वजनाची, आणि सुमारे दहा टक्के मुलांच्या रक्तातली साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर. म्हणजे जादा वजनाच्या मुलांपेक्षा साखर वाढलेली मुले जास्त. हे कोडे कसे सोडवायचे?

त्याचे उत्तर पुण्यात सापडते. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी गेली तीस वर्षे पुण्याजवळच्या गावांतल्या मातांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास करत आहेत. या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे लहान, स्नायूंनी कमी, पोटातले अवयवही लहान; चरबी मात्र त्या प्रमाणात कमी झालेली नाही. काट्यावर हडकुळे आणि आतून चरबीदार अशी ही शरीराची घडण. मोठ्यांमध्येही ती दिसते. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक यांचा आणि त्यांचे इंग्रज मित्र डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९ टक्के आणि याज्ञिक यांच्या २१ टक्के. रोजाकुशाईच्या फोटोंशेजारी तोही फोटो कधी छापायला हवा.

म्हणूनच आपल्या मुलांसाठी मापाची रेघ थोडी अलीकडे ओढावी लागते. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये पाच ते अठरा वर्षांच्या मुलामुलींसाठी जे वाढीचे तक्ते दिले, त्यांत हे केलेले आहे. बीएमआय काढणे अवघड नाही : किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचे. नऊ वर्षांचा मुलगा, वजन ४० किलो, उंची १ मीटर ३२ सेंटिमीटर. बीएमआय आला जवळपास २३. इथेच बरेच पालक फसतात. मोबाइलवर बघून म्हणतात, २३ म्हणजे ठीकच आहे. तो हिशेब मोठ्या माणसांचा. नऊ वर्षांच्या मुलासाठी २३ हा आकडा लठ्ठपणाच्या रेषेच्या पलीकडचा आहे. मुलाचा बीएमआय वयाच्या तक्त्यावर ठेवूनच वाचायचा असतो, कारण तो वयाबरोबर बदलतो. वर्षाच्या आतले बाळ गुटगुटीत असते, मग चालू-पळू लागले की ते सडपातळ होत जाते, आणि पाच-सहा वर्षांनंतर बीएमआय पुन्हा चढू लागतो. ही चढण तीन-चार वर्षांतच सुरू झाली, तर पुढे लठ्ठपणाचा धोका जास्त. दोन वर्षांचे मूल चालायला लागून ‘उतरले’ म्हणून दादी काळजी करते, त्याला तूप-साखर चारते. ते उतरणे निसर्गाचे असते.

तक्ता हाताशी नसेल तर दोरी चालते. या दिवसांत ईदचे कपडे शिवायला टाकताना शिंप्याची टेप मुलाच्या अंगावरून फिरतेच. सहा वर्षांवरच्या मुलाच्या उंचीएवढी दोरी घ्या, मधोमध दुमडा आणि पोट आत न ओढता कमरेभोवती गुंडाळा. टोके जुळली नाहीत, म्हणजे कमर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे, तर बालरोगतज्ज्ञांकडे जायला हवे. पोटावरची चरबीच यकृत, रक्तदाब, साखर यांचे गणित बिघडवते आणि वजनकाट्याला ती वेगळी ओळखता येत नाही.

आणखी काही खुणा सांगणे भाग आहे, कारण त्या घरात रोज दिसतात आणि त्यांचा अर्थ भलताच लावला जातो. मानेच्या मागे, काखेत काळसर, मखमलीसारखी जाड झालेली कातडी. आई ती मळ समजून घासते, बेसन-दही लावते, मुलाला ‘नीट आंघोळ करत नाहीस’ म्हणून रागावते. तो मळ नसतो. शरीरातले इन्शुलिन नीट काम करेनासे झाल्याची ती बहुतेक वेळा पहिली खूण असते. घोरण्याचेही तसेच. अब्बा घोरतात म्हणून मुलगाही घोरतो, यात हसण्यासारखे काही नाही. घोरता घोरता श्वास क्षणभर अडकत असेल, सकाळी डोके जड असेल, वर्गात पेंग येत असेल, तर झोपेत त्याला पुरेसा प्राणवायू मिळत नसण्याची शक्यता आहे. लठ्ठ मूल अचानक लंगडू लागले, गुडघा किंवा जांघ दुखते म्हणू लागले, तर ‘वजनामुळे होतंय’ म्हणून थांबू नये, त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे. मुलींची पाळी सुरू होऊन दोन-तीन वर्षे झाली तरी ती महिनोन्‌महिने येत नसेल, तर तेही दाखवायलाच हवे.

‘थायरॉइड असेल’ हा तर घराघरातला आवडता निष्कर्ष. असतो कधी कधी. पण एक साधी गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. जास्त खाणे आणि कमी हालचाल यांतून वजन वाढलेले मूल लहानपणी आपल्या वयाच्या मुलांपेक्षा सहसा उंचच असते. मूल जाड आहे आणि उंचीही खुंटली आहे, असे असेल तर थायरॉइडसारखे हार्मोनचे दोष आधी तपासावे लागतात. दम्यासाठी किंवा इतर आजारासाठी दीर्घकाळ स्टेरॉइड चालू असतील, तर तेही डॉक्टरांना सांगावे. तान्हेपणापासूनच वजन भराभर वाढत असेल आणि भूक कधी भागतच नसेल, तर जनुकीय कारणाचा शोध घ्यावा लागतो. अशी मुले थोडी असतात, पण त्यांना ‘हावरट’ म्हणणे हा शुद्ध अन्याय आहे.

बाकीच्या मुलांना तरी तसे म्हणण्याचा हक्क कुणाला आहे? त्यांचा रमजान कसा जातो ते पाहा. रोजा न धरणारे आठ वर्षांचे मूल सकाळी नाश्ता करते, दुपारी जेवते, शाळेतून येताना काहीतरी खाते. मग मगरिबला सगळ्यांबरोबर इफ्तारला बसते : खजूर, फळे, भजी, समोसे, चना, लाल सरबताचे दोन पेले. तरावीहची नमाज संपवून मोठे घरी येतात तेव्हा खरे जेवण होते, त्यातही ते असते. रात्री मोहल्ल्यात फिरणे, मालपुवा, फिरनी. पहाटे सहेरीला घर जागे होते, तेव्हा फेणी-दुधाची वाटी त्याच्याही हातात येते. मोठ्यांच्या दोन वेळा त्याच्या नेहमीच्या तीन वेळांवर चढतात. ‘चिडिया रोजा’, म्हणजे दुपारपर्यंतचा लुटुपुटूचा रोजा धरणाऱ्याची तर दुपारी वेगळी सरबराई होते. हे सगळे आपण वाढतो, प्रेमाने वाढतो, आणि वजन वाढले की दोष मुलाच्या जिभेचा!

सरबताचाच हिशेब करू. जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे असे की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत हवी आणि पाच टक्क्यांच्या आत असली तर उत्तम. सात-आठ वर्षांच्या मुलासाठी ही उत्तम मर्यादा साधारण चार-पाच चमचे होते. गोड सरबताच्या एका मोठ्या पेल्यात तेवढी सहज जाते. कोलासारख्या पेयात दर १०० मिलिलिटरला साधारण दहा-अकरा ग्रॅम साखर असते, म्हणजे छोटी बाटलीही तेवढीच. प्यायलेल्या साखरेने पोट भरल्यासारखे वाटत नाही, त्यामुळे जेवण कमी होत नाही. समोशावर सगळे रागावतात आणि सरबत निसटून जाते.

झोपेविषयी फारसे कुणी बोलत नाही. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज नऊ ते बारा तास झोप लागते. रमजानात आमच्या वस्त्यांमध्ये रात्री एक वाजताही मुले रस्त्यावर असतात. कमी झोपलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी भूक जास्त लागते आणि गोड-तळलेल्याकडे ओढा वाढतो, हलावेसे वाटत नाही. महिन्याभरापुरते हे चालून जाईल. मोबाइलमुळे ते आता वर्षभर चालते, ही खरी अडचण आहे.

लठ्ठपणा हा श्रीमंतांच्या मुलांचा आजार, हाही गैरसमज आता सोडायला हवा. यंत्रमागाच्या गल्लीत आई-बाप दोघेही कामाला असलेल्या घरात मुलाच्या हातावर टेकवलेले पाच-दहा रुपये वेफर्सच्या पुड्यात जातात, कारण त्या पैशात केळे एखादेच येते आणि पुडा वाजतोही छान. शाळेच्या ५० मीटर परिसरात जादा साखर, मीठ, चरबी असलेले पदार्थ विकू नयेत, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. आपल्या मोहल्ल्यातल्या शाळेच्या फाटकाशी उभे राहून तो किती पाळला जातो ते पाहावे. २०२५ मध्ये युनिसेफने सांगितले की जगातल्या शाळकरी वयाच्या मुलांमध्ये लठ्ठ मुलांचे प्रमाण पहिल्यांदाच कमी वजनाच्या मुलांपेक्षा जास्त झाले आहे. हे सगळे त्या मुलांच्या हावरटपणाने झाले असे कोण म्हणेल?

आता ‘रोजे धर, वजन उतरेल’ या वाक्याकडे. पहिले म्हणजे रोजा ही इबादत आहे. मूल बालिग, म्हणजे वयात येईपर्यंत तो त्याच्यावर फर्जही नाही. आशुराच्या रोजाविषयीच्या हदीसमध्ये एक फार सुंदर तपशील येतो : सहाबांच्या घरातली लहान मुले रोजाची सवय करताना भुकेने रडू लागली, की त्यांना लोकरीची खेळणी दिली जात, इफ्तारच्या वेळेपर्यंत मन रमावे म्हणून. मुलाच्या रोजामागे ही माया असायला हवी. त्याच्या पोटाचा घेर कमी करण्याचा इरादा त्यात मिसळला, की मूल रोजाला शिक्षा समजू लागते. दुसरे, वैद्यकीयदृष्ट्याही हे चालत नाही. मोठ्यांवर झालेल्या अभ्यासांत रमजानात किलोभर वजन घटते आणि पुढच्या काही आठवड्यांत बहुतेक परत येते, असेच दिसले आहे. वाढत्या मुलाचे तर बहुतेक वेळा वजन घटवायचेच नसते. ते आहे तिथे रोखायचे असते. वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर उंची वाढत असेल, तर वजन स्थिर राहिले तरी दीड-दोन वर्षांत बीएमआय आपोआप खाली येतो. दिवसभर उपाशी ठेवून संध्याकाळी तळलेल्यावर सोडल्याने यातले काहीही साधत नाही.

मुलींचे याहून वाईट होते. मुलगा जाड असला तर त्याची थट्टा होते, मुलगी जाड असली तर तिच्या लग्नाचा विषय निघतो, तीही बारा वर्षांची असताना. मग आई तिची भाकरी मोजू लागते, दूध बंद करते. भावाच्या ताटात मटणाचा दुसरा वाढा पडतो आणि हिला ‘तुला नको’. रक्त आधीच कमी असलेल्या वयात ती उपाशी राहते आणि मग लपून बिस्किटे खाते. लपून खाणाऱ्या मुलीचे वजन मोजणे सोपे, तिच्या मनातले मोजायला टेप नाही.

आमच्या मशिदींतून रमजानात खाण्यापिण्यातल्या संयमावर बयान होते. सूरह अल-आराफमधली खा, प्या पण अतिरेक करू नका या आशयाची आयत आणि पोटाचे तीन भाग करण्याविषयीची हदीस लोकांना पाठ आहे. पण मुलांच्या लठ्ठपणासंदर्भात मला सूरह अल-हुजुरातची अकरावी आयत जास्त जवळची वाटते. एकमेकांची खिल्ली उडवणे आणि वाईट टोपणनावांनी हाक मारणे तिथे स्पष्ट शब्दांत मना आहे. मोटू, ढोल, हत्ती ही नावे त्यात येत नाहीत काय? ज्या मुलाला शाळेत या नावांनी हाक मारतात ते कवायतीच्या तासाला ‘पोट दुखतंय’ म्हणून वर्गात बसून राहते. खेळायला जात नाही. वजन आणखी वाढते. इमामसाहेबांनी एखाद्या जुम्म्याला यावर पाच मिनिटे बोलावे, त्याचा उपयोग डॉक्टरांच्या गोळीपेक्षा जास्त होईल.

घरात करायचे ते अवघड नाही, फक्त ते सगळ्यांनी करायचे आहे. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) खजूर आणि पाण्याने रोजा सोडत आणि मग मगरिबची नमाज अदा करत. ही सुन्नत पाळली तरी खूप झाले. खजूर, पाणी, फळाची फोड, मग नमाज, आणि मग थेट जेवण : भाकरी किंवा चपाती, डाळ, सालन, कोशिंबीर. मधल्या पंधरा-वीस मिनिटांत पोटाला काहीतरी मिळाल्याचे मेंदूला कळते आणि हाताची घाई कमी होते. तळणीची कढई आठवड्यातून एखाद-दोन दिवस चढावी, रोज नाही. सरबतात साखरेऐवजी सब्जा, लिंबू, पुदिना, थोडे मीठ. ईदच्या शीरखुर्म्याला कुणीही हात लावायला सांगत नाही. तो वर्षातून एकदा होतो, त्याने कुणी लठ्ठ होत नाही. एकट्या जाड मुलाला वेगळे ताट देणे, त्याच्यासमोर बाकीच्यांनी भजी खाणे, हे मात्र ताबडतोब बंद झाले पाहिजे.

राहिला खेळ. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज तासभर दम लागेल अशी हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या दाट वस्त्यांत हा तास कुठे घालवायचा? अनेक गावांत ईदगाहचे मैदान वर्षात दोन नमाजांना भरते आणि एरवी तिथे मुले क्रिकेट खेळतात, ही चांगलीच गोष्ट आहे. तिथे मुली दिसत नाहीत. दहा-अकरा वर्षे झाली की ‘पुरे आता उड्या मारणे’ म्हणून त्यांना घरात घेतले जाते, आणि वजन वाढते नेमके तिथून पुढे. उर्दू शाळांच्या आवाराला भिंत आहे, फाटक आहे, शिक्षिका आहेत. असर आणि मगरिबच्या मधला एक तास ते फाटक फक्त मुलींसाठी उघडे ठेवावे, एक दोरी, एक चेंडू आणि खो-खोचे दोन खांब द्यावेत. शाळा चालवणाऱ्या संस्थांच्या विश्वस्तांनी ईदनंतरच्या पहिल्या बैठकीत हा ठराव घ्यावा. त्याला पैसे फारसे लागत नाहीत, किल्ली लागते आणि ती त्यांच्याच खिशात आहे.